घारापुरीचा एक दिवस

गेल्या डिसेंबरांत आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गाची सहल मुंबईस व तेथून घारापुरीच्या बेटावर गेली होती. तिचा वृत्तांत वार्षिकासाठीं लिहून द्यावा, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली. नुसता वृत्तांत लिहिणें अवघड नव्हतें. गाडीची वेळ, बोटीचा प्रवास, पाहिलेलीं स्थळें एवढें क्रमानें मांडलें कीं वृत्तांत पुरा होतो. परंतु त्या दिवशीं सायंकाळीं जेवणाच्या टेबलाशीं बसून मीं मुलांना एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या आईबापांनींही माझ्याच तोंडून ऐकावी, असें मला वाटतें. म्हणून हा लेख वृत्तांताहून थोडा लांबला आहे. वाचकांनीं क्षमा करावी.

पहांटे नाशिकरोडच्या फलाटावर आम्ही बेचाळीस मुलेंमुली व तीन शिक्षक गोळा झालों. थंडी अशी होती कीं बोलणाऱ्याच्या तोंडांतून वाफ निघे. पोंचवावयास आलेल्या पालकांची संख्या प्रवाशांहून अधिक होती. एका मातोश्रींनीं माझ्या हातीं आल्याच्या वड्यांची पुडी दिली व म्हणाल्या, "सर, ह्याला बोट लागेल, जरा लक्ष ठेवा." १९७५ सालापासून नाशिककरांस मुंबईस नेणारी-आणणारी पंचवटी एक्सप्रेस वेळेवर आली, आणि मुलें खिडक्यांच्या जागांसाठीं जीं भांडूं लागलीं तीं इगतपुरी येईपर्यंत भांडत होतीं. पुढें थळ घाट लागला. बोगदा आला कीं सर्वांनीं एकदम ओरडावयाचें, ही पिढीजात रीति ह्याही पिढीनें पाळली. हा घाट चढून रेल्वे १८६५ सालीं इगतपुरीस पोंचली. तो डोंगर फोडतांना किती मजुरांच्या हाडांची माती झाली असेल, हें मीं मुलांना सांगितलें. पण त्या आरडाओरड्यांत तें कितीजणांनीं ऐकलें असेल, तें सांगवत नाहीं.

मी मात्र त्या दिवशीं थोडा गप्प होतों. तीस वर्षांपूर्वीं मी ह्याच शाळेच्या ह्याच इयत्तेंत असतांना ह्याच गाडीनें ह्याच बेटावर गेलों होतों. त्या सहलीची एक आठवण मीं आजवर कोणासही सांगितली नव्हती.

मुंबईस उतरल्यावर १८८८ सालीं पुरें झालेलें तें भव्य स्टेशन मुलांनीं माना वर करून पाहिलें, आणि मग बसनें आम्ही गेट वे ऑफ इंडियापाशीं आलों. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज येथें उतरले, त्या आगमनाचें स्मारक म्हणून ही कमान बांधण्यास घेतली. ती १९२४ सालीं लोकांस खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ह्याच कमानीखालून शेवटची इंग्रज पलटण बोटींत बसून निघून गेली. स्वागतासाठीं बांधलेल्या दारानें निरोपाचें काम करावें, हा इतिहासाचा विनोद मुलांना फार आवडला.

बोट सुटली. वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं समुद्र प्रथमच पाहिला होता. पांढरे समुद्रपक्षी बोटीभोंवतीं घिरट्या घालूं लागले. जवाहर द्वीपावरील तेलाच्या प्रचंड टाक्या मागें पडल्या. आल्याच्या वड्या कामास आल्या. मात्र ज्याच्यासाठीं त्या दिल्या होत्या तो ठणठणीत राहिला व मलाच त्यांतील दोन खाव्या लागल्या. तेवढ्यांत कठड्याशीं उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, आपली गोदावरी ह्या समुद्राला मिळतच नाहीं ना?" प्रश्न मोठा मार्मिक होता. अरबी समुद्रापासून सुमारें ऐंशी किलोमीटरांवर त्र्यंबकच्या ब्रह्मगिरींत जी नदी उगम पावते, ती ह्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारें १४६५ किलोमीटर चालत जाते व बंगालच्या उपसागरास मिळते. जवळचें सोडून दूरचें जवळ करणें हा आमच्या नदीचा स्वभाव आहे. तो तिच्या कांठच्या माणसांतही कधीं कधीं दिसतो, हें त्या दिवशीं मला पुढें आठवावयाचें होतें.

तासाभरानें घारापुरी आली. हें बेट रायगड जिल्ह्यांत उरण तालुक्यांत मोडतें. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तीन लहान वस्त्या त्यावर आहेत. मुंबईचे दिवे रोज रात्रीं समोर झगमगत असतां ह्या बेटावर समुद्राखालून वीज येण्यास २०१८ सालचा फेब्रुवारी उजाडावा लागला. तोंपर्यंत रात्रीं कांहीं तास चालणाऱ्या डिझेलच्या यंत्रावर गांव भागवीत असे. हें ऐकून मुलें क्षणभर स्तब्ध झालीं, कारण आपल्याकडे दहा मिनिटें वीज गेली तरी आपण केवढा गिल्ला करतों, हें त्यांस ठाऊक होतें. धक्क्यावरील चिमुकल्या आगगाडीतून पायथ्याशीं जाऊन आम्ही सुमारें सव्वाशें पायऱ्या चढलों. वाटेंत माकडांनीं आमच्या एका सहकाऱ्यांच्या हातांतील केळीं इतक्या सफाईनें नेलीं कीं, केळ्यांचे धनी स्वतःच प्रथम हंसले.

"सर, पण हत्ती कोठें आहे?" असें एकानें विचारलें. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं ह्या बेटास एलिफंटा नांव दिलें, तो आतां येथें नाहीं. १८१४ सालीं त्याची मान व मस्तक गळून पडलें. पुढें १८६४ सालीं त्यास उचलून विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या बागेंत ठेवून कालांतरानें सांधण्यांत आले, आणि आज तो हत्ती भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. नांव बेटावर राहिलें व नांवाचा धनी शहरांत गेला.

मग आम्ही मुख्य लेण्यांत शिरलों. बाहेरच्या उन्हांतून आंत पाऊल टाकल्यावर कांहीं वेळ कांहींच दिसत नाहीं. हळूहळू उशीसारख्या माथ्याचे जाड खांब अंधारांतून पुढें येतात. हें मंदिर कोणीं बांधलेलें नाहीं. डोंगर आंतून पोखरीत नेला व जो दगड शिल्लक ठेवला तोच खांब, तोच देव व तोच द्वारपाल झाला. घडवणारांची एक चूक झाली तर ती दुरुस्त करावयास दुसरा दगड नव्हता. विद्वान ह्या लेण्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याचा मानतात, आणि १९८७ सालीं त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. दक्षिणेकडील भिंतींत अठरा-वीस फूट उंचीची सदाशिवाची त्रिमुखी मूर्ति आहे. एका बाजूचें मुख उग्र, दुसऱ्या बाजूचें कोमल, आणि मधलें ह्या दोहोंच्या पलीकडे गेलेलें, डोळे मिटून शांत. मी ख्रिस्ती मनुष्य, तेथें पूजेसाठीं उभा नव्हतों. तरी त्या मुखासमोर माझा आवाज आपोआप खालीं आला. बेचाळीस मुलांचाही आला. हें मीं वर्गांत कधीं साधलेलें नाहीं.

शेजारीं गंगा मस्तकावर झेलणारा शिव आहे. गोदावरीस गंगाच म्हणणाऱ्या नाशिकच्या मुलांना ती मूर्ति ओळखावयास वेळ लागला नाहीं. परंतु पाहतां पाहतां मुलांचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वळलें. नटराजाचे पाय नाहीत. कोणाचा हात खांद्यापासून गेला आहे, तर कोणाचें धड कमरेपाशीं संपतें. पलीकडे दुसऱ्या मंडळीस माहिती सांगणारा वाटाड्या मोठ्यानें म्हणाला, "हें सारें ख्रिस्ती लोकांनीं फोडलें." आमच्या वर्गांतील एक मुलगा माझ्याकडे वळला. "सर, खरेंच का?" त्याच्या विचारण्यांत कुतूहल होतें आणि थोडी परीक्षाही होती. वर्गांतील ख्रिस्ती मुलें बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांतील एका मुलीनें मान खालीं घातलेली मला दिसली.

मीं उत्तर दिलें तें असें. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानानें वसई व आसपासचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यांच्या शिपायांनीं ह्या मूर्तींवर नेमबाजी केली, असें परंपरा सांगते. सारीच मोडतोड त्यांनीं केली, असें मात्र सर्व विद्वान मानीत नाहीत. शतकानुशतकें झिरपणारें पाणी, गुरांचा वावर व लोकांची बेपर्वाई ह्यांचाही त्यांत वांटा आहे. एक गोष्ट मात्र पोर्तुगीजांच्याच इतिहासकारानें, दिओगो द कुटो ह्यानें, लिहून ठेवली आहे. येथें एक मोठा शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला गेला. तेथें तो कोणास वाचतां आला नाहीं आणि पुढें तो नाहींसा झाला. "हीं माणसें स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होतीं," मी म्हणालों. "त्यांनीं जें केलें तें पाप होतें. देवाचें नांव घेऊन केल्यानें पापाचें पुण्य होत नाहीं."

त्या हरवलेल्या लेखाची किंमत नाशिकच्या मुलांस समजावून सांगणें सोपें होतें. आपल्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री ह्या मातेनें आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरवून ठेवला आहे. तेथेंच नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले व त्यांच्या व्याजांतून भिक्षूंस वस्त्रें द्यावींत असें ठरविलें, हेंही कोरलेलें आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वींचा व्याजाचा दर आपणांस ठाऊक आहे, कारण तो दगड जागेवर राहिला. घारापुरीचें एवढें अद्भुत लेणें मात्र कोणत्या राजानें कोरविलें, कोणत्या हातांनीं कोरलें, हें कोणीही खात्रीनें सांगूं शकत नाहीं.

मुलांस उत्तर पटलें. त्या मुलीची मान वर झाली. मला स्वतःलाही आपलें उत्तर फार आवडलें, आणि खरें सांगावयाचें तर तेथेंच माझ्या मनास टोंचणी लागली. पांचशें वर्षांपूर्वीं मेलेल्या परदेशी शिपायांचा दोष कबूल करण्यास धैर्य लागत नाहीं. मुलें डबे खाण्यासाठीं बाहेर झाडाखालीं बसलीं, तेव्हां मी एकटाच परत आंत गेलों व पूर्वेकडील चौकाच्या बाजूस खांबामागून खांब पाहत हिंडलों. ओरखडे पुष्कळ होते. कोणाचें आद्याक्षर, कोणाचें गांव, कोणाची प्रीति. मी जें शोधीत होतों तें मला सांपडलें नाहीं. किंवा डोळ्यांसमोर असूनही ओळखतां आलें नाहीं.

परतीच्या बोटींत सूर्य मुंबईच्या उंच इमारतींमागें गेला. रात्रीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून आम्ही धोबी तलावाजवळच्या एका जुन्या इराण्याच्या हॉटेलांत जेवावयास गेलों. इराणांतील यझ्द व किरमाण ह्या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर आलेल्या झरथुष्ट्री लोकांनीं अशीं हॉटेलें मुंबईच्या नाक्यानाक्यांवर घातलीं. आतां त्यांतलीं थोडींच उरलीं आहेत. संगमरवरी माथ्याचीं टेबलें, वळवलेल्या लांकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, कांचेच्या बरण्यांत बिस्किटें. खिमा-पाव, ब्रून मस्का, आम्लेट, मावा केक आणि घट्ट गोड चहा अशी ज्याची त्याची मागणी गेली. घारापुरीच्या लेण्यांतच १८७५ सालीं इंग्लंडच्या युवराजांस मेजवानी दिली होती, हें सांगितल्यावर एकजण म्हणाला, "सर, आपण तर तेथें माकडांना मेजवानी दिली."

खिमा खातां खातां मीं सहज सांगितलें कीं पाव हा शब्द पोर्तुगीज आहे. बटाटा, काजू, अननस, चावी व बादली हेही शब्द त्यांच्याचकडून आले. मिरचीसुद्धां त्यांच्याच गलबतांतून आपल्याकडे आली. त्यापूर्वीं आपल्या पूर्वजांस मिऱ्यांवर भागवावें लागे. मिरचीचें ऐकून सारें टेबल चकित झालें. दुपारीं ज्यानें प्रश्न केला होता, त्याच मुलानें हातांतील पावाकडे पाहत विचारलें, "म्हणजे सर, फोडणारेही तेच आणि पाव देणारेही तेच? मग ते चांगले कीं वाईट?"

मी म्हणालों, "त्याआधीं तुम्हीं माझ्याविषयीं ठरवा." आणि मग तीस वर्षें दडवलेली गोष्ट मीं त्यांस सांगितली.

मी चौदा वर्षांचा होतों. दोन मित्र पहाऱ्यावर ठेवून, कंपासपेटींतील कर्कटकाच्या टोंकानें मीं त्या लेण्याच्या एका खांबावर आपल्या नांवाचें पहिलें अक्षर व त्याखालीं 'नाशिक' असें कोरलें होतें. दगड कठीण होता. टोंक बोथट झालें, तरी मी थांबलों नाहीं. आम्ही निघणार इतक्यांत पहारेकऱ्याची दृष्टि त्यावर गेली. तो संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. आमच्या वृद्ध गुरुजींनीं आम्हां सर्वांस रांगेनें उभें करून एकदांच विचारलें, "कोणीं केलें?" मी बोललों नाहीं. मित्रही बोलले नाहीत. गुरुजींनीं दुसऱ्यांदा विचारलें नाहीं. ते पहारेकऱ्याकडे वळले आणि ज्यांच्यासमोर सारी शाळा उभी राही त्या गृहस्थांनीं त्याच्यापुढें हात जोडले. "मुलें माझीं आहेत, क्षमा करा," एवढेंच म्हणाले. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर पाहत बसले होते. पुढें मी पदवीधर झालों, ह्याच शाळेंत शिक्षक झालों, त्यांच्याच खुर्चीवर बसलों. त्यांस जाऊन सांगावें असें कितीदां मनांत आलें. पण आज नको, उद्यां, असें करतां करतां ते देवाघरीं गेले. जवळचें टाकून दूर दूर वाहत जाणाऱ्या आमच्या नदीसारखें माझें झालें. जो मनुष्य एका गल्लीच्या अंतरावर राहत होता, त्याच्यापाशीं मला जातां आलें नाहीं.

टेबलावर कोणीच बोलेना. पेल्याचाही आवाज होईना. अखेर गोदावरीविषयीं विचारणारी ती मुलगी म्हणाली, "सर, मग आज सकाळीं तुम्हीं आम्हांला 'भिंतीला हात लावूं नका' म्हणालांत, तेव्हां तुम्हांला कसें वाटलें?"

"लाज वाटली," मी म्हणालों. दुसरें उत्तर नव्हतें.

पालकहो, ही गोष्ट लिहिण्याचें कारण आपणांस कळलें असेल. आज असें कृत्य कायद्यानें गुन्हा आहे व त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊं शकते. माझ्या बालपणींही तो गुन्हाच होता. परंतु शिक्षेचें भय दाखवून मुलें फार तर पहारेकऱ्यास चुकवावयास शिकतात. तें मीही शिकलों होतों. पोर्तुगीज शिपाई तेथें आपल्या नांवाची अक्षरें ठेवून गेले नाहीत. मी ठेवून आलों. त्यांनीं काय केलें हें सत्य आपण मुलांस अवश्य सांगावें. त्यांचें वाईट सांगावें आणि त्यांनीं आणलेल्या पावाचेंही सांगावें. मात्र 'त्यांनीं फोडलें' हें वाक्य उच्चारतांना 'मीं काय फोडलें?' हाही प्रश्न सांगणाराच्या मनांत असावा. नाहीं तर इतिहासाचा तास म्हणजे दुसऱ्यांच्या दोषांची नुसती यादी होऊन बसते, आणि यादी पाठ केल्यानें कोणी सुधारल्याचें ऐकिवांत नाहीं.

रात्रीच्या गाडींत बहुतेक मुलें झोंपलीं. कसाऱ्यास गाडी थांबली. पुढील चढ एका इंजिनास झेपत नाहीं, म्हणून तेथें मागून जादा इंजिनें लावतात. तो धक्का बसला तसा माझ्या शेजारचा मुलगा जागा झाला. दुपारीं प्रश्न विचारणारा तोच. थोडा वेळ बाहेरच्या अंधारांत पाहून त्यानें हळूच विचारलें, "सर, तुमच्या त्या गुरुजींना कळलें असेल का, कोणीं केलें तें?"

मीं तीस वर्षें हा विचार कधीं केला नव्हता. कर्कटकाचें बोथट टोंक माझ्या पेटींत होतें व भूमितीचा तास तेच घेत असत. त्यांस कळलें असेल. ते माझी वाट पाहत असतील.

पुढील वर्षीं नववीचा नवा वर्ग घारापुरीस जाणार आहे. परमेश्वरकृपेनें मीही त्याबरोबर जाईन. ही गोष्ट त्या वेळीं मी मुलांना जेवणानंतर सांगणार नाहीं. जातांना, बोटींतच सांगेन.